वेगवेगळ्या संगणकांवरून एकाच प्रिंटरवर छपाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच खोलीत विंडोजचे दोन-तीन संगणक, कोणाचा तरी मॅक, कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावर लिनक्स, प्रत्येकाच्या खिशात फोन आणि या सर्वांत मिळून एक प्रिंटर, अशी रचना आता लहान कार्यालयांत आणि घरांतही सर्रास आढळते. पुढील उत्तरे अशाच रचनेसाठी लिहिली आहेत. मोठ्या कंपन्यांतील प्रिंट सर्व्हर आणि डोमेन यांचे प्रश्न वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

प्रिंट दिली, पण कागद आला नाही. शोध कोठून सुरू करावा?

प्रिंट नेमकी कोठे थांबली, एवढेच आधी ठरवावे. प्रत्येक प्रिंट चार टप्पे ओलांडते: ज्या प्रोग्राममधून ती दिली तो प्रोग्राम, त्या संगणकावरील छपाईची रांग, नेटवर्क आणि शेवटी प्रिंटर. बहुतेक जण पहिल्या दोन टप्प्यांतच अडकून राहतात, ड्रायव्हर (संगणकाला त्या प्रिंटरशी बोलता येण्यासाठीचा प्रोग्राम) काढतात, पुन्हा टाकतात आणि त्यात दुपार घालवतात. शोध उलट्या दिशेने, म्हणजे प्रिंटरपासून, सुरू केल्यास काम लवकर होते.

प्रथम प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचे पान छापावे. ते नीट छापले गेले, तर यंत्र चालू आहे आणि कागद-टोनरची तक्रार नाही, हे सिद्ध झाले. त्या पानावर प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) दिलेला असतो. घरगुती आणि लहान कार्यालयांतील राउटरने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक नेमून घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी संगणकावर काहीही केले तरी फरक पडत नाही. केबल किंवा वायफायचा पासवर्ड तपासावा लागतो.

पत्ता ठीक असल्यास, ज्या संगणकावरून प्रिंट जात नाही त्याच्याच ब्राउझरमध्ये तो पत्ता टाइप करावा. प्रिंटरचे स्वतःचे पान उघडले, तर नेटवर्क निर्दोष आहे आणि दोष रांगेत किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. पान उघडले नाही, तर दोष नेटवर्कमध्ये आहे. ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिला तरी या तपासणीपुरते घाबरण्याचे कारण नाही. मॅकओएस १५ पासून मात्र सफारीखेरीज अन्य ब्राउझरला स्थानिक नेटवर्कची परवानगी द्यावी लागते. ती नाकारलेली असेल, तर नेटवर्क ठीक असूनही पान उघडत नाही.

विंडोजवरून प्रिंट जाते, पण मॅकवर किंवा फोनवर तोच प्रिंटर दिसतच नाही. असे का?

प्रिंटर दिसणे आणि प्रिंटरपर्यंत पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विंडोजवर प्रिंटर एकदा पत्ता देऊन जोडलेला असतो, त्यामुळे त्याला शोधण्याची गरज पडत नाही. मॅक, आयफोन आणि अँड्रॉइड मात्र बहुतेक वेळा एमडीएनएस या पद्धतीने नेटवर्कवर हाक मारून विचारतात की येथे कोणी प्रिंटर आहे काय. ॲपल या पद्धतीला बोंजूर म्हणते. ही हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते आणि राउटरच्या पलीकडे जात नाही. म्हणून फोन पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल आणि प्रिंटर मुख्य वायफायवर असेल, तर दोघे एकाच टेबलावर असले तरी एकमेकांना ओळखत नाहीत.

इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरच्या मागे आपण दुसरा राउटर जोडला असेल, तर घरात नकळत दोन नेटवर्क तयार होतात आणि हाच दोष उद्भवतो. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकले की तो सुटतो. काही राउटरमध्ये वायफायवरील उपकरणांनी परस्परांशी बोलू नये अशी सोय असते. ती एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन या नावाने सेटिंगमध्ये आढळते आणि प्रिंटर असलेल्या नेटवर्कवर बंद ठेवावी लागते. कार्यालयाचा व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी दुरून जोडणारी सोय) चालू असल्यासही घरचा प्रिंटर नाहीसा होतो; व्हीपीएन तोडून पाहावे.

वीज जाऊन आली की प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. प्रत्येक वेळी नव्याने जोडावा लागतो काय?

नाही. पावसाळ्यात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता कायमचा देत नाही, काही मुदतीसाठी देतो, आणि अनेक साधे राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर आधीचे वाटप विसरतात. एका लहान कार्यालयात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. वीज येताच राउटर आधी जागा झाला, त्यानंतर सर्वांचे फोन जोडले गेले, आणि लेसर प्रिंटर तापून तयार होईपर्यंत त्याचा जुना १९२.१६८.१.५ हा पत्ता एका फोनने घेऊन टाकला होता. प्रिंटरला १९२.१६८.१.११ मिळाला. तिन्ही संगणक इमानेइतबारे ५ क्रमांकाकडे, म्हणजे साहेबांच्या खिशातील फोनकडे, बिले पाठवत राहिले.

यावर खरा उपाय राउटरमध्ये आहे. प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पानावर छापलेला मॅक पत्ता (याचा ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) विभागात नोंदवून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा. प्रिंटरवरच पत्ता हाताने भरणेही शक्य असते, परंतु तो राउटरच्या वाटपाच्या कक्षेत असेल तर पुढे दोन उपकरणांवर एकच पत्ता येण्याचा धोका राहतो. म्हणून आरक्षण अधिक चांगले.

पत्ता बदललेला नसूनही विंडोज ‘ऑफलाइन’ म्हणत असेल, तर प्रिंटरच्या गुणधर्मांत पोर्ट्स हा भाग उघडून दोन गोष्टी पाहाव्यात. पोर्टचे नाव डब्ल्यूएसडीने सुरू होत असेल, तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडलेला आहे. ही पद्धत झोपेतून उठलेल्या प्रिंटरला अनेकदा ओळखत नाही. तेथे त्याच प्रिंटरसाठी स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट तयार करून राखून ठेवलेला पत्ता द्यावा. पोर्ट आधीपासून टीसीपी-आयपी असेल, तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन एसएनएमपी स्टेटसची खूण काढावी. विंडोज या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करते आणि उत्तर आले नाही की प्रिंटर व्यवस्थित चालू असतानाही त्याला ऑफलाइन ठरवते.

आयपीपी, एसएमबी, ९१००, एलपीडी: यांपैकी कोणता मार्ग निवडावा?

ही चारही संगणकाकडून प्रिंटरकडे प्रिंट नेणाऱ्या मार्गांची नावे आहेत. वेगवेगळ्या प्रकारचे संगणक असतील आणि प्रिंटर गेल्या काही वर्षांतला असेल, तर आयपीपी. यात माझ्या मनात फारशी शंका नाही.

एलपीडी हा युनिक्सच्या काळातील मार्ग असून तो ५१५ क्रमांकाचे पोर्ट वापरतो. पोर्ट ९१०० वर प्रिंटरकडे छपाईची माहिती नुसती ओतली जाते; हा मार्ग वेगवान आहे, पण प्रिंटरला काय हवे आणि काय झाले हे संगणकाला कळत नाही. एसएमबी हा मुळात विंडोजचा फाइल सामायिक करण्याचा मार्ग आहे आणि त्यात एक संगणक मध्यस्थ म्हणून सतत चालू राहावा लागतो. आयपीपी ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि त्यात संगणक व प्रिंटर यांच्यात खरी देवाणघेवाण होते: कोणता कागद आहे, दोन्ही बाजूंनी छापता येते काय, रंग आहे काय, हे संगणक आधी विचारून घेतो.

विंडोजबाहेरच्या जगात हा मार्ग रुळला तो कप्स या छपाई व्यवस्थेमुळे. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली, १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, २००२ मध्ये ॲपलने मॅकमध्ये घेतली आणि २००७ मध्ये तिचे हक्कच विकत घेतले. म्हणजे मॅक आणि लिनक्स यांची छपाई आतून एकाच घराण्यातली आहे. २०१० साली आलेली ॲपलची एअरप्रिंट ही ड्रायव्हरशिवाय छपाईची पद्धतही आयपीपीवरच उभी आहे. म्हणून ज्या प्रिंटरच्या खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया (अँड्रॉइडकडील तशीच पद्धत) असे लिहिलेले असते, तो मॅक, लिनक्स, फोन आणि विंडोज ११ या सर्वांवरून वेगळा ड्रायव्हर न टाकता चालण्याची शक्यता खूप असते. नवा प्रिंटर घेताना शाईच्या किमतीखालोखाल मी हीच खूण पाहतो.

विंडोज ११ मध्ये प्रिंटर हाताने जोडताना उपकरणाचा प्रकार म्हणून आयपीपी निवडावा. मॅकवर प्रिंटर जोडण्याच्या खिडकीतील पृथ्वीगोलाच्या चिन्हावर जाऊन पत्ता द्यावा आणि प्रोटोकॉलमध्ये एअरप्रिंट किंवा आयपीपी घ्यावे.

आमचा प्रिंटर जुना, केवळ यूएसबीचा आहे. तो मॅक आणि लिनक्सवरून वापरता येईल काय?

कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेसरजेट १०२० हे दोन प्रिंटर आपल्याकडे वकिलांच्या टेबलापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत इतके पसरले आहेत आणि इतके टिकाऊ आहेत, की ते टाकून द्या असे सांगणे कोणालाच पटत नाही. पण त्यांचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. या प्रिंटरांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या सर्वपरिचित भाषा समजत नाहीत. एलबीपी २९०० कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो, तर लेसरजेट १०२० ला प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (यंत्राचा आतील प्रोग्राम) घ्यावे लागते आणि तोवर तो छापूच शकत नाही. पानाचे चित्र तयार करण्याचे जवळजवळ सर्व काम संगणकाचा ड्रायव्हर करतो.

याचा परिणाम असा, की हा प्रिंटर विंडोजवर जोडून ‘शेअर’ केला, तरी तो वापरणाऱ्या मॅकवरही त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर लागतो. मॅककडे तो नसेल तर शेअरिंगची सर्व मांडणी अचूक असूनही कागद कोरा येतो किंवा काहीच येत नाही. लोक येथे नेटवर्कला दोष देतात, आणि ते बिचारे निर्दोष असते.

चांगला उपाय म्हणजे एखादा जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय (एक छोटा संगणक) लिनक्स टाकून प्रिंटरशेजारी ठेवणे, त्यावर कप्समध्ये प्रिंटर जोडणे आणि तेथून तो सर्वांना देणे. मग जुन्या प्रिंटरची भाषा फक्त त्या एका यंत्राला यावी लागते. बाकी सर्व जण त्याच्याशी आयपीपीने बोलतात आणि आयफोनलाही तो एअरप्रिंटचा प्रिंटर म्हणून दिसू शकतो. लेसरजेट १०२० साठी लिनक्सवर ही सोय जुनी आणि स्थिर आहे. एलबीपी २९०० च्या बाबतीत लिनक्सचा ड्रायव्हर बसवताना खटपट होते, हे आधीच सांगून ठेवतो. ती खटपट नको असेल, तर मॅकवर पीडीएफ करून सामायिक फोल्डरमध्ये ठेवणे आणि विंडोजवरून प्रिंट काढणे हा कमी दिमाखाचा, पण न बिघडणारा मार्ग आहे.

विंडोजवरील शेअर केलेला प्रिंटर मॅकवर जोडला, पण तो सतत नाव आणि पासवर्ड मागतो. बरोबर पासवर्ड देऊनही प्रिंट थांबून राहते.

बहुधा आपण पासवर्डऐवजी पिन देत आहात. विंडोज सुरू करताना आपण जो चार किंवा सहा आकडी पिन टाकतो, तो त्या एका यंत्रापुरताच असतो आणि नेटवर्कवरून चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करत असाल, तर त्या खात्याचा पूर्ण पासवर्ड द्यावा लागतो, जो अनेकांना आठवतही नसतो. यापेक्षा विंडोजवर छपाईसाठी एक वेगळे स्थानिक खाते, पासवर्डसह, तयार करून तेच मॅकवर वापरावे. मॅकने आधीचा चुकीचा पासवर्ड कीचेनमध्ये (आपल्या पासवर्डच्या साठ्यात) जपून ठेवलेला असतो. तो तेथून काढल्याशिवाय नवा विचारला जात नाही.

पासवर्डच नसलेल्या खात्यावर किंवा पाहुण्याच्या प्रवेशावर विसंबून केलेल्या जुन्या मांडण्या नव्या विंडोजमध्ये एकामागून एक बंद पडत आहेत. ते सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे, त्यामुळे जुनी सैल सेटिंग शोधून परत लावण्याच्या मागे लागू नये. शेअरचे नाव मात्र लहान आणि मध्ये जागा न सोडता ठेवावे.

दोन्ही संगणक विंडोजचे आहेत, तरी ‘११बी’ने संपणारा त्रुटी क्रमांक येतो. हे काय आहे?

२०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या स्पूलरमधील (छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्राममधील) ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला दोष उघड झाला आणि त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने छपाईचे नियम अनेक टप्प्यांत कडक केले. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर प्रिंटर शेअर करणारा संगणक अधिक सुरक्षित संवादाचा आग्रह धरू लागला, आणि समोरचा संगणक तो पाळत नसेल तर हा क्रमांक दिसू लागला. दोन्ही संगणकांवरील अपडेट पूर्ण करणे हा पहिला उपाय. अनेक ठिकाणी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यातील) एक नोंद शून्य करून नवी तपासणीच बंद करण्याचा सल्ला दिला जातो. त्याने प्रिंट निघते हे खरे, पण ज्यासाठी तपासणी आली ते भोक पुन्हा उघडे राहते. प्रिंटर नेटवर्कचा असेल, तर दुसऱ्या संगणकाची मध्यस्थीच काढून टाकून प्रत्येक संगणकावर तो थेट पत्त्याने जोडावा. हा क्रमांक मग येण्याचे कारणच उरत नाही.

एका पानाच्या प्रिंटऐवजी चिन्हांच्या एकेका ओळीची शेकडो पाने निघतात. ती कशी थांबवावी?

कागदाचा ट्रे ओढून बाहेर काढावा. त्यानंतर रांगेतून ती प्रिंट रद्द करावी आणि मगच प्रिंटर बंद करून सुरू करावा. नुसता प्रिंटर बंद केल्यास संगणक उरलेली पाने पुन्हा पाठवतो.

संगणकाने एका भाषेत पाठवलेला मजकूर प्रिंटरने साधी अक्षरे समजून छापला, की असे होते. पहिल्या पानावर टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पोस्टस्क्रिप्टची आद्याक्षरे दिसली, तर पोस्टस्क्रिप्ट न समजणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर लावलेला आहे. एकाच कंपनीचा ‘जवळपासचा’ ड्रायव्हर निवडण्याची सवय याला कारणीभूत ठरते.

रद्द केलेली प्रिंट रांगेतून जात नाही. काय करावे?

विंडोजवर सर्व्हिसेसच्या यादीत प्रिंट स्पूलर थांबवावा, विंडोज फोल्डरमधील सिस्टम ३२, त्यातील स्पूल आणि त्यातील प्रिंटर्स या फोल्डरमधील फाइल काढाव्यात (फोल्डर काढू नये) आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. मॅकवर प्रिंटरच्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक केल्यास संपूर्ण छपाई व्यवस्था रीसेट करण्याचा पर्याय येतो; त्याने सर्वच प्रिंटर यादीतून जातात, म्हणून तो शेवटी वापरावा.

मराठी मजकूर एका संगणकावर नीट दिसतो, पण दुसऱ्यावरून छापला की अक्षरे बदलतात किंवा जोडाक्षरे तुटतात.

यात तीन वेगवेगळे दोष आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत.

पहिला दोष जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटचा. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की पाठीमागची रोमन खिचडी उघडी पडते. दुसरा दोष युनिकोड मजकुरातच येतो. फाइल मंगल फाँटमध्ये केलेली असते, आणि विंडोज १० पासून मंगल हा पूरक फाँट झाल्याने तो प्रत्येक यंत्रावर असेलच असे नाही. मॅक त्याजागी कोहिनूर देवनागरी यांसारखा आपला फाँट घेतो आणि लिनक्सवर बहुधा नोटो किंवा लोहित येतो. अक्षरे वाचता येतात, पण ओळींची लांबी बदलते, तीन पानांचा अर्ज चौथ्या पानावर सांडतो आणि सहीची जागा एकटीच मागे राहते.

दोन्हींवर उपाय एकच: ज्या संगणकावर मजकूर तयार झाला तेथेच फाँटसह पीडीएफ करावी आणि दुसरीकडे ती पीडीएफच छापावी.

तिसरा दोष पीडीएफमध्येही उरतो. पडद्यावर ‘क्षेत्र’ आणि ‘कार्य’ नीट दिसतात, कागदावर रफार भलत्याच अक्षरावर बसतो किंवा अर्धे अक्षर गाळले जाते. येथे ड्रायव्हर फाँट प्रिंटरकडे पाठवताना गोंधळ घालतो. ॲडोबी रीडरच्या छपाई खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडल्यास संपूर्ण पान चित्र म्हणून जाते. प्रिंट थोडी सावकाश निघते, पण रफार जागेवर राहतो.

मॅकवरून दिलेली प्रिंट प्रिंटरवर अडकते आणि तो कागद भरायला सांगतो, ट्रेमध्ये तर कागद आहे.

फाइलचा कागद लेटर आहे आणि ट्रेमध्ये ए४ आहे. ए४ हा २१० गुणिले २९७ मिलिमीटर, तर अमेरिकी लेटर सुमारे २१६ गुणिले २७९. संगणकाची भाषा-प्रदेश निवड अमेरिकेची ठेवल्यास अनेक प्रोग्राम लेटर गृहीत धरतात. प्रदेश भारत करून छपाईचा मूळ कागद ए४ ठरवावा. प्रतिज्ञापत्रांसाठी लीगल कागद वापरणाऱ्यांनी तो प्रिंटरच्या मेनूतही ट्रेसाठी नोंदवावा. केवळ संगणकावर निवडून भागत नाही.

लिनक्सवर प्रिंटर जोडताना काय पाहावे?

ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट ६३१ दिल्यास कप्सचे व्यवस्थापन पान उघडते. तेथे काही बदलताना नकार मिळाल्यास आपले खाते एलपीॲडमिन गटात आहे काय, ते पाहावे. फायरवॉल चालू असेल तर ५३५३ चे पोर्ट मोकळे लागते, आणि आपला प्रिंटर इतरांना द्यायचा असल्यास ६३१ सुद्धा. ही पोर्टे फक्त आतल्या नेटवर्कसाठी उघडावीत. राउटरवरून ती इंटरनेटकडे वळवू नयेत. ९१०० तर मुळीच नाही, कारण तेथे येणाऱ्या कोणालाही पासवर्ड विचारला जात नाही.

फोनवरून प्रिंट देण्यासाठी गुगल क्लाउड प्रिंट वापरत होतो. ते आता का सापडत नाही?

ती सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. आता आयफोन एअरप्रिंटने, तर अँड्रॉइड आपल्या अंगभूत छपाई सेवेने थेट प्रिंटरशी बोलतो. दोन्हींसाठी फोन प्रिंटरच्याच वायफायवर असावा लागतो. मोबाइल डेटावर असताना घरचा प्रिंटर दिसणार नाही.

प्रिंट सगळीकडून जाते, पण त्याच यंत्रावरून संगणकाच्या फोल्डरमध्ये स्कॅन येणे बंद झाले आहे.

जुनी कॉपिअर यंत्रे स्कॅन केलेली फाइल एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीने पाठवतात. ही आवृत्ती २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या अपडेटपासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत दिली जात नाही. त्यामुळे संगणक बदलला किंवा विंडोज नव्याने टाकली, की वर्षानुवर्षे चाललेले स्कॅन अचानक थांबते आणि यंत्रावर केवळ ‘कनेक्शन अयशस्वी’ असा संदेश दिसतो. प्रथम यंत्राच्या मेनूत एसएमबीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती निवडता येते काय, किंवा त्यासाठी फर्मवेअर अपडेट उपलब्ध आहे काय, ते पाहावे. दोन्ही नसल्यास स्कॅन ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावे, किंवा संगणकावरील स्कॅनच्या प्रोग्राममधून फाइल ओढून घ्यावी. पहिली आवृत्ती विंडोजमध्ये पुन्हा चालू करता येते, पण २०१७ सालच्याच वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने नेमका हाच दरवाजा वापरला होता, त्यामुळे हिशेबाचा संगणक असेल तर तो उघडू नये.